कॅश क्लिअर करा म्हणे!

आधीच सांगून ठेवतो, मी कॉम्प्युटरच्या बाबतीत अडाणी नाही. वरुड तालुक्यात आमची संत्र्याची रोपवाटिका आहे, बापाच्या वेळेपासूनची. गेली सात-आठ वर्षं अर्धी विक्री मी त्या सोशल मीडियावरच्या पानावरूनच करून राहिलो. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा कसा बांधायचा, म्हणजे कलम कसं करायचं, याचा व्हिडिओ मीच काढला, मीच चढवला, आणि पांढुर्ण्यापासून अकोटपर्यंतचे लोक तो पाहून रोपं घ्यायला आले. तेव्हा 'तुम्हाला बटन सापडत नसेल भाऊ' असं मला कोणी शिकवू नका. बटन होतं तिथं मला बरोबर सापडत होतं. ते तिथून उचलून दुसरीकडं नेऊन ठेवलं, यात माझा काय गुन्हा?

जुलैचा दुसरा आठवडा. पुनर्वसू लागलेला, जमिनीत ओल बरी, लोकांचे खड्डे भरून तयार. आमच्या धंद्यात वर्षाचे हे पाच-सहा आठवडेच काय ते खरे, बाकी दहा महिने पाणी देणं आणि निंदण. आणि नेमक्या त्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन पान उघडलं तर सगळं पांढरंफटक. मधोमध एक पाटी: 'तुमच्यासाठी नवं रूप घेऊन आलो आहोत!' खाली एकच बटन: 'छान!' नको म्हणायची सोयच नाही. लग्नाला नाही विचारलं, बारशाला नाही विचारलं, सरळ पोरगं मांडीवर आणून ठेवलं अन् म्हणे छान म्हणा.

आमच्या वरुडला लोक विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात, संत्र्यापायी. आता खऱ्या कॅलिफोर्नियातल्या कोण्या एसीच्या खोलीत बसून कोण्या पोट्ट्यानं ठरवलं की आमच्या कॅलिफोर्नियातली संत्रा-विक्री लय सोपी होऊन राहिली, जरा गुंता करू.

सगळ्यात आधी गेले ते मेसेज. पहिले पानावर आलेला प्रत्येक मेसेज एकाच ठिकाणी दिसायचा, उधारीच्या वहीसारखा. आता त्याचे तीन कप्पे केले. एक मुख्य, एक सर्वसाधारण, आणि तिसरा 'विनंत्या'. अनोळखी माणसाचा मेसेज या तिसऱ्यात जाऊन पडतो आणि त्याची घंटी वाजत नाही. का, तर तुमच्या सुरक्षेसाठी! अरे, रोपवाटिकेवाल्याला मेसेज टाकणारं गिऱ्हाईक ओळखीचं कुठून असेल? ओळखीचा असता तर तो सरळ घरी आला असता, दोन कप चहा प्याला असता आणि उधारीत रोपं घेऊन गेला असता. रोख पैसे देणारं गिऱ्हाईक अनोळखीच असते! बारा दिवसांनी मला तो कप्पा सापडला. आत एकेचाळीस जण. 'भाऊ रेट काय?' 'भाऊ 600 रोपं पाहिजेत, गाडीभाडं सांगा.' सहाशे रोपं म्हणजे पाच एकरांची लागवड, काही गंमत नाही. त्याच माणसाचा दुसऱ्या दिवशी 'भाऊ?' आणि तिसऱ्या दिवशी नुसतं एक प्रश्नचिन्ह. मी फोन केला तर म्हणाला, 'घेतली न आता दुसरीकडून. तुम्हाला गिऱ्हाइकाची गरज नाही वाटलं.'

दुसरं, मी मूर्खासारखी मराठी भाषा निवडून ठेवली होती. नव्या रूपातल्या बटनांची मापं घेतलेली इंग्रजीवरून. इंग्रजीत 'एडिट' एवढ्याशा जागेत बसते, मराठीत त्याचं 'संपादित करा' होते, आणि ते बसत नाही म्हणून कापून पुढं तीन टिंबं. शेजारच्या बटनावर 'संग्रहित करा'. म्हणजे एकाला एक लागून दोन बटनं: 'सं…' आणि 'सं…'. मी भाव बदलायला गेलो आणि दुसरं 'सं…' दाबलं. सगळ्यात वर टाचून ठेवलेली, भाव-पत्ता-फोन असलेली पोस्टच गायब. ती कुठल्या तळघरात गेली हे शोधायला दोन दिवस लागले.

आणि जिथं शब्द पूर्ण बसतात तिथं त्यांची उंची कापतात. आपल्या लिपीत अर्धा जीव अक्षराच्या वर असते, अर्धा खाली. वेलांट्या, अनुस्वार, रफार वर; उकार, ऋकार खाली. यांनी डबा बनवला रोमन अक्षराच्या उंचीचा. माझ्या फोटोंच्या संचाचं नाव होतं 'मृग बहार', म्हणजे संत्र्याचा पावसाळ्यात फुलणारा बहार. पडद्यावर ऋकार कापला गेला आणि झालं 'मग बहार'. खालचा दुसरा बहार 'आंबिया', तो झाला 'आबिया'. एका म्हाताऱ्या काकाजींनी फोन करून विचारलं, 'हे आबिया कोणती नवी जात काढली रे?'

आमच्या विहिरीवर मोटारीचा स्टार्टर आहे. हिरवं बटन चालू, लाल बटन बंद. बापानं बसवला. रात्री दोन वाजता लाईन आली तर अंधारात, झोपेत, पायाखाली जनावर आहे का ते पाहत जाऊन मी हिरवं बटन दाबतो. हात आपोआप तिथं जातो. उद्या कोणी येऊन तो स्टार्टर 'नवं रूप' म्हणून लिंबाच्या झाडावर टांगला तर मी त्याला 'छान!' म्हणू का?

पण खरा डोक्यात जाळ झाला तो पुढच्या प्रकारानं. पहिले पोस्ट वेळेप्रमाणं दिसायच्या, आजची वर, कालची खाली. आता यंत्र ठरवणार कोणाला काय आवडेल ते, आणि त्याप्रमाणं दाखवणार. सोमवारी मी टाकलं: 'रोपं तयार, गाडी घेऊन या.' मंगळवारी रात्री धो धो पाऊस. बुधवारी पहाटे टाकलं: 'नाल्याला पूर, पूल पाण्याखाली, आज कोणी येऊ नका.' सोमवारच्या पोस्टला लोकांनी अंगठे दिलेले, म्हणून यंत्राला ती आवडली. बुधवारी सकाळी सगळ्यांना तीच दाखवली. सौंसरकडचा एक शेतकरी टेम्पो घेऊन निघाला आणि अकरा वाजता नाल्याच्या पलीकडच्या काठावर उभा. मी अलीकडं, तो पलीकडं, मधात गढूळ पाणी. तिकडून ओरडते, 'अरे भाऊ, तुम्हीच तर बोलावले!' मी इकडून ओरडतो, 'येऊ नका लिहिलं होतं!' चार तास बसला बिचारा, मग रिकामा टेम्पो घेऊन परत गेला. डिझेल त्याचं, शिव्या मला.

आणि शुक्रवारी? शुक्रवारी कडक ऊन, पूल मोकळा, रोपं पिशव्यांत भरून रांगेनं ठेवलेली. त्या दिवशी यंत्रानं लोकांना दाखवलं: 'पूल पाण्याखाली, येऊ नका.' एक माणूस फिरकला नाही. म्हणे सेटिंगमध्ये 'नवीन आधी' असा पर्याय आहे. आहे. मी तो लावतोही. पण तो फक्त माझ्यापुरता, गिऱ्हाइकाच्या फोनचं काय? आणि माझ्याही फोनवर पान बंद करून परत उघडलं की जैसे थे.

आता दुरुस्तीची कथा ऐका. पुतण्या पुण्यात आयटीत आहे. त्याला फोन लावला.

'काकाजी, आधी कॅश क्लिअर करा.'

'कॅश तर मागच्या सोयाबीननंच क्लिअर केली बाप्पा, आता काय राह्यलं?'

'ती कॅश नाही हो. ब्राउझरची, त्यानं साठवून ठेवलेला जुना माल. बरं, वरती उजव्या कोपऱ्यात तीन रेघा दिसतात का?'

'नाही. खाली डाव्या कोपऱ्यात माझंच थोबाड दिसते.'

'त्याच्यावर दाबा.'

'दाबलं. कोणतं तरी पोट्टं नाचून राह्यलं.'

'काकाजी, माझ्याकडं तर तिथं सेटिंग आहे.'

इथंच तर मेख आहे! नवं रूप म्हणे सगळ्यांना एकदम देत नाहीत. थोड्यांना हे, थोड्यांना ते, आणि कोण कुठं बोट लावते ते पाहत बसतात. माझ्या फोनवर एक, पुतण्याच्या फोनवर दुसरं, समोरच्या किराणावाल्याच्या फोनवर अजून जुनंच. मग समजावणारा समजावणार काय? भावकीत वाटणीवरून डोकी फुटतात, पण सातबारा तरी सगळ्यांना एकच दिसते.

तरी कॅश क्लिअर केली. त्याबरोबर लॉगिनही गेलं. पासवर्ड आठवेना. 'ओटीपी पाठवला आहे.' कुठं पाठवला? ज्या सिमची रेंज आमच्या गावात येणं बंद झालं म्हणून मी ते सोडून दिलं होतं, त्या नंबरवर. तो नंबर आता दुसऱ्या कोणाच्या नावावर. लाज सोडून त्या नंबरवर फोन लावला. एका बाईंनी उचलला. म्हणाल्या, 'हो, तीन वेळा आलं काहीतरी. पण सांगणार नाही. ओटीपी कोणाला सांगू नका असं बँकवाले रोज मेसेज पाठवतात.' बाई एकदम बरोबर होत्या. मला राग येऊन राहिला होता आणि त्यांच्याशी भांडायला तोंडही नव्हतं. शेवटी जुन्या ईमेलवरून पाच दिवसांनी आत शिरलो.

फोनवर जमत नाही तर कॉम्प्युटरवर बसून पाहू म्हटलं. रोपवाटिकेच्या खोलीत विंडोज 7 वाला आहे. मायक्रोसॉफ्टनं त्याचा आधार 14 जानेवारी 2020 लाच काढून घेतला, आणि क्रोमची 109 नंतरची आवृत्ती त्यावर चढत नाही, हे मला मान्य. पण महिन्याभरापूर्वीपर्यंत त्याच डब्यावर पान उघडत होतं न! आता म्हणे 'ब्राउझर अद्ययावत करा'. जुनं साधं, हलकं पान होतं, कमी नेटवर चालणारं, तेही बंद करून टाकलं. जे उघडते ते इतकं जड की कॉम्प्युटरचा पंखा थ्रेशरसारखा ओरडते आणि व्हिडिओ न विचारता सुरू होऊन दिवसाचा दीड जीबी दुपारीच उडते. एका दिवशी तर 'तुमचं कनेक्शन खासगी नाही' असा लाल फलकच आला. दोन तास मी त्या कॅलिफोर्नियावाल्यांचा उद्धार केला. नंतर कळलं, मदरबोर्डवरचा बटनासारखा सेल मेला होता. लाईन गेली की तारीख मागं, 2009 सालात. त्यामुळं ब्राउझरला साइटची प्रमाणपत्रं खोटी वाटत होती. सेल बदलला, फलक गेला. ही एक शिवी मी परत घेतो. बाकीच्या तशाच ठेवल्या आहेत.

पुतण्या समजूत घालते, 'काकाजी, हे सगळीकडंच होते.' म्हणे 2006 मध्ये फेसबुकनं न्यूज फीड, म्हणजे सगळ्यांच्या पोस्टची एकच यादी, आणली तेव्हा लोक असेच खवळले होते. 2010 मध्ये डिग नावाच्या साइटनं सगळं पालटलं आणि लोक उठून रेडिट नावाच्या दुसऱ्या साइटवर गेले. 2018 मध्ये स्नॅपचॅटचं जुनं रूप परत द्या म्हणून 12 लाखांवर लोकांनी सह्या केल्या, तेव्हा कंपनीनं थोडं मागं घेतलं. बरं झालं. पण मी बारा लाख सह्या कुठून आणू? आमच्या गावाची मतदारयादीच दोन हजारांची, त्यातले अर्धे पुण्या-नागपूरला.

तक्रार केली नाही असं समजू नका. मदत केंद्रात गेलो तर एक यंत्र बोलते. त्याला लिहिलं, 'माझे मेसेज दिसत नाहीत.' ते म्हणते, 'मेसेज कसा पाठवायचा हे जाणून घ्यायचं आहे का?' शेवटी विचारते, तुम्हाला मदत झाली का, आणि हसरा चेहरा, रडका चेहरा. रडका दाबला. 'धन्यवाद!' मग पुतण्यानं सांगितलं की 2021 च्या आयटी नियमांप्रमाणं 50 लाखांवर वापरकर्ते असलेल्या कंपनीला इथं भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमावा लागते. त्यानं 24 तासांत पोच द्यायची आणि 7 दिवसांत निकाल लावायचा; 2026 च्या बदलाआधी हे 15 दिवस होते. लिहिलं त्याला. मराठीत लिहिलं, फोटो जोडले, 'सं…' 'सं…' ला लाल गोल करून पाठवलं. पोच आली, चोवीस तासांच्या आत, इंग्रजीत. आज सतरावा दिवस. आता त्याच्यावर अपील समिती आहे म्हणे, 30 दिवसांत जायचं. जाईन. सीझन तर गेलाच आहे, वेळच वेळ आहे.

काल दिवसभर बसून मी रस्त्याच्या फाट्यावरचा पत्र्याचा बोर्ड रंगवला. पिवळ्यावर निळी अक्षरं, ऋकार अन् अनुस्वारासकट. बायको म्हणते, 'हेच आधी केलं असतं तर?' तिला काय उत्तर द्यावं ते अजून सुचलं नाही.

तरी कोणाला त्या 'विनंत्या' कप्प्याची घंटी चालू कशी करायची ते माहीत असेल तर कृपा करून सांगा. पण फोन करा बाप्पा. मेसेज करू नका, मला दिसत नाही.