तिव्होलीचा धबधबा खोटा नव्हता, नदीच हलली

अठराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार फ्रागोनार याचं ‘तिव्होलीचा मोठा धबधबा’ हे पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं चित्र आणि रोमजवळच्या तिव्होली गावाचा आजचा फोटो शेजारी लावलेली एक पोस्ट सगळीकडे फिरते आहे. तिचं म्हणणं असं: दोन्हींत काहीच जुळत नाही, म्हणजे धबधबा चित्रकारानं पाहिलाच नव्हता, पॅरिसच्या खोलीत बसून तो मनानं रचला, रोकोकोवाल्यांना, म्हणजे त्या काळच्या नाजूक, सजावटी शैलीच्या चित्रकारांना, निसर्गाशी घेणंदेणंच नव्हतं. जुळत नाही, हे खरं. बाकी सगळं चूक.

फोटोतला धबधबा मुळात चित्राहून तरुण आहे. नोव्हेंबर १८२६ मध्ये तिव्होलीतून वाहणाऱ्या आनिएने नदीला महापूर आला आणि तिव्होलीतली कित्येक घरं त्यात गेली. तसं पुन्हा होऊ नये म्हणून गावाशेजारचा काटिलो डोंगर पोखरून दोन बोगदे काढले आणि १८३५ मध्ये, सोळावा ग्रेगरी पोप असताना, नदी त्यांतून वळवली. आज पर्यटक ज्याचे फोटो काढतात तो १०० मीटरांहून उंच धबधबा त्या बोगद्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा आहे. फ्रागोनार वारला १८०६ मध्ये. त्याच्या चित्रातलं पाणी जुन्या पात्रातलं, गावाला लागून कोसळणारं. पुलाच्या कमानीतून दिसणारं. तुलना करायचीच तर पुराआधीच्या चित्रांशी करायला हवी होती. पोस्ट लिहिणाऱ्यानं नदीचा इतिहास एकदा चाळला असता तरी हे कळलं असतं.

आता पॅरिसच्या खोलीचं. १७५६ ते १७६१ फ्रागोनार रोममध्ये होता, तिथल्या फ्रेंच अकादमीचा विद्यार्थी म्हणून. संचालक नात्वार मुलांना उघड्यावर जाऊन निसर्ग रेखाटायला लावत. १७६० चा उन्हाळा फ्रागोनारनं आबे द सां-नों या कलाप्रेमी आश्रयदात्यासोबत तिव्होलीतच, तिथल्या व्हिला देस्ते या बागेच्या वाड्यात काढला. तिथली त्याची तांबड्या खडूतली रेखाटनं आजही आहेत, त्यांतली बरीच फ्रान्समधल्या बेझांसोंच्या संग्रहालयात. कॅनव्हास धबधब्यासमोर बसून रंगवला, असा माझा दावा नाही. तैलचित्र खोलीतच पुरं करण्याची तेव्हा रीत होती, आणि मांडणीत चित्रकार फेरफार करत. पण न पाहता रचणं वेगळं आणि पाहून रचणं वेगळं.

निसर्गाशी घेणंदेणं नसल्याचा आरोप बहुधा फ्रांस्वा बुशे या रोकोको चित्रकारावरून आला असावा. निसर्ग फार हिरवा नि त्यातला उजेड वाईट, असं बुशे म्हणाल्याचं सांगतात. बुशे फ्रागोनारचा गुरू. गुरूच्या तोंडचं वाक्य शिष्याच्या गळ्यात का बांधायचं? ‘झोका’सारखी नटवी चित्रं फ्रागोनारनं काढली, खरंय, पण ‘झोका’ १७६७ चा, रोमहून परतल्यानंतरचा. तिव्होलीच्या चित्रात मात्र कमानीची काळोखी सावली, तिच्यापलीकडे उन्हात फुटणारं पाणी आणि खाली वाळत घातलेले कपडे आहेत. ते कपडे मला फार आवडतात. एवढ्या पाण्याच्या गर्जनेखाली कुणीतरी रोजचं धुणं उरकतं आहे.