फ्रिजमधलं कालचं जेवण आणि आयांना घातली जाणारी भीती

नोकरी करणाऱ्या पालकांच्या, त्यातही आयांच्या, फोनवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, आशय तोच राहतो. शिजवलेलं अन्न तीन तासांत खाल्लं नाही तर त्याचं विष होतं. फ्रिजमध्ये ठेवलं की त्यातली जीवनसत्त्वं मरतात. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेलं अन्न किरणोत्सर्गी होतं. गोठवलेल्या भाज्या म्हणजे नुसता चोथा. मुलांना रोज वेगळा पदार्थ मिळाला नाही तर त्यांची वाढ खुंटते. आणि शेवटी ठेवणीतलं वाक्य: पूर्वीच्या बायका दोन्ही वेळा ताजं करत होत्या, मनात असेल तर आजही वेळ मिळतो.

दिवसभर काम करून घरी आलेली बाई हे वाचते आणि कालची उसळ मुलांना वाढताना तिचा हात अडखळतो. मला याचा मनापासून राग येतो, म्हणून एकेका दाव्याला उत्तर देते आहे. जिथे त्यात काही तथ्य आहे तिथे तेही सांगेन, कारण अन्नातून होणारी विषबाधा खरी आहे. भीती चुकीच्या जागी लागली की खरा धोका नजरेआड होतो, आणि या मजकुराने नेमकं तेच केलं आहे.

तीन तासांनी अन्नाचं विष होतं

अन्न किती तासांपूर्वी शिजलं एवढ्यावरून ते खाण्याजोगं आहे की नाही हे ठरत नाही. ते तास त्याने किती तापमानात काढले हे बघावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं एका पोस्टरवर मांडली. त्यातलं चौथं सूत्र तापमानाचं आहे: शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, वेळेवर थंड करून ५ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवावं, आणि वाढेपर्यंत गरम ठेवायचं असेल तर ६० अंशांच्या वर. या दोन आकड्यांमधला पट्टा जिवाणूंच्या वाढीचा. अनुकूल स्थितीत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. या हिशोबाने एकाचे सहा तासांत अडीच लाखांहून जास्त होतात.

आता बघा, सकाळी सातला शिजवून ओट्यावर झाकून ठेवलेलं आणि रात्री आठला खाल्लेलं जेवण आपण निर्धास्तपणे ‘आजचं’ म्हणतो. काल रात्री केलेलं, तासाभरात फ्रिजमध्ये गेलेलं आणि आज वाफ येईपर्यंत गरम केलेलं जेवण मात्र ‘कालचं’ म्हणून नाक मुरडून बाजूला सारतो. या दोहोंत जास्त धोक्याचं पहिलं आहे. मजकुरातले तीन तास डोक्यात ठेवणारा माणूस फ्रिजला घाबरतो आणि ओट्याला घाबरत नाही, ही त्या मजकुराची सगळ्यात वाईट देणगी.

भाताचं उदाहरण सांगते, कारण ते फार कमी जणांना माहीत असतं. बॅसिलस सिरियस नावाचा एक जिवाणू तांदळात सापडतो. त्याचे बीजाणू शिजवण्याच्या उष्णतेतून वाचतात. भात बाहेर कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. म्हणजे तासन्‌तास बाहेर राहिलेला भात नंतर कितीही कडकडीत गरम केला तरी बिनधोक होत नाही, पण वेळेत थंड केलेल्या भातात ते विष तयार व्हायला संधीच मिळत नाही. त्यामुळे शिल्लक भाताच्या बाबतीत जेवणं झाल्यानंतरचे दोन तास महत्त्वाचे. तो दुसऱ्या दिवशी खायचा की नाही हा प्रश्न त्यानंतरचा.

इथे अनेक घरांत आणखी एक समज आड येतो: गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. उकळतं पातेलं ठेवू नये हे बरोबर, त्याने आजूबाजूचं थंड अन्नही गरम होतं. पण पूर्ण निवण्याची वाट बघत रात्री झोपेपर्यंत बाहेर ठेवणं जास्त वाईट. खोल पातेल्यातलं अन्न मधोमध तासन्‌तास गरम राहतं. तेच रुंद, उथळ डब्यांत थोडं थोडं काढलं की लवकर निवतं, आणि कोमट असताना फ्रिजमध्ये ठेवलं तरी चालतं.

असं ठेवलेलं शिजलेलं अन्न साधारण तीन ते चार दिवस खाता येतं. गरम करताना लागेल तेवढंच काढावं, ढवळून सगळीकडून नीट तापवावं, निदान ७० अंशांपर्यंत, आणि त्यातून उरलेलं पुन्हा आत ठेवू नये. फ्रिज खरोखर किती थंड आहे हे बटणावरच्या आकड्यावरून कळत नाही, त्यासाठी आत एक साधा थर्मामीटर ठेवावा. ठासून भरलेल्या फ्रिजमध्ये हवा खेळत नाही आणि काही कप्पे पुरेसे थंड होत नाहीत. कच्चं मांस आणि मासे झाकून सगळ्यात खाली, म्हणजे त्यांचं पाणी शिजलेल्या अन्नात ठिबकणार नाही.

संदेशात थोडं तथ्य आहे ते इथे. फ्रिज जिवाणूंची वाढ मंदावतो, थांबवत नाही, आणि लिस्टेरिया नावाचा जिवाणू तर त्या थंडीतही वाढू शकतो. घरात गरोदर बाई, तान्हं बाळ, वयस्कर माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल तर त्यांच्यापुरता नियम कडक ठेवावा आणि शक्यतो त्यांना त्याच दिवशी शिजवलेलं द्यावं. पण म्हणून धडधाकट मुलांच्या घरात रोज दोन वेळा चूल पेटलीच पाहिजे असं मुळीच नाही.

फ्रिजमध्ये जीवनसत्त्वं मरतात

काही कमी होतात, हे मान्य. क जीवनसत्त्व आणि फोलेट ही दोन नाजूक. उष्णता, हवा आणि पाणी यांनी ती घटतात, आणि पुन्हा गरम केल्यावर आणखी थोडी. पण प्रथिनं, लोह, कॅल्शियम आणि तंतू यांना रात्रभर थंडीत राहिल्याने काही होत नाही. मुलाच्या ताटातल्या डाळीने, अंड्याने किंवा कडधान्याने जे काम करायचं असतं ते ती दुसऱ्या दिवशीही करतात. नाजूक जीवनसत्त्वांचं मोठं नुकसान तर शिजवतानाच होतं, विशेषतः भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं की. तेव्हा उपाय सोपा आहे: कमी पाण्यात, झाकण ठेवून, थोडा वेळ शिजवा आणि जेवताना सोबत एखादं कच्चं फळ किंवा कापलेली काकडी, गाजर ठेवा. त्याला वेगळा वेळ लागत नाही.

मायक्रोवेव्हने अन्न किरणोत्सर्गी होतं

नाही. मायक्रोवेव्हमधल्या लहरी साधारण २४५० मेगाहर्ट्झच्या असतात. त्या अन्नातल्या पाण्याच्या रेणूंना हलवतात आणि त्यातून उष्णता तयार होते. अणूची रचना बदलण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते आणि यंत्र बंद झालं की लहरीही संपतात. वेळ कमी आणि पाणीही कमी लागत असल्यामुळे क जीवनसत्त्व उलट बऱ्यापैकी टिकतं. खरी अडचण वेगळीच आहे. मायक्रोवेव्ह सगळीकडे सारखं तापवत नाही, मध्येच थंड जागा राहतात. म्हणून मध्ये एकदा ढवळायचं, शेवटी मिनिटभर तसंच ठेवायचं, मग वाढायचं. बाळाचं दूध त्यात गरम करू नये, कारण बाटली कोमट लागते आणि आतलं दूध एखाद्या जागी तोंड भाजण्याइतकं तापलेलं असतं.

गोठवलेल्या भाज्या म्हणजे चोथा

भाजी हळूहळू गोठली तर तिच्यात बर्फाचे मोठे स्फटिक तयार होतात, पेशी फाटतात आणि वितळल्यावर ती लिबलिबीत होते. झपाट्याने गोठवली तर स्फटिक बारीक राहतात. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय यांनी १९२० च्या दशकात ही झपाट्याने गोठवण्याची पद्धत व्यापारी पातळीवर आणली. अशा भाज्या गोठवण्याआधी क्षणभर उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून काढतात. त्यात क जीवनसत्त्व काही प्रमाणात जातं, हे खरं. पण नंतर उरलेलं बरंचसं टिकतं, आणि दुसरीकडे ‘ताजी’ भाजी शेतातून निघाल्यापासून आपल्या कढईत पडेपर्यंत रोज थोडी थोडी गमावत असते. मटार, मका, पालक, फरसबी हे गोठवलेल्या रूपात घरात असणं म्हणजे निवडणं, सोलणं, चिरणं वाचणं. दमलेल्या संध्याकाळी भाजी होते की नाही हे बहुतेक वेळा त्या चिरण्यावरच अडलेलं असतं. उणे १८ अंशांवर अन्न सुरक्षित राहतं, चव आणि पोत मात्र काही महिन्यांनी उतरतात. डब्यावर तारीख लिहावी एवढंच.

रोज वेगळा पदार्थ हवा

हा दावा सगळ्यात जास्त दमवतो, कारण तो जेवणापुरता थांबत नाही. उद्या काय करायचं हा विचार तो दिवसभर डोक्यात फिरवत ठेवतो.

मुलांना आहारात विविधता लागते, हे बरोबर. पण ती आठवड्याच्या हिशोबाने पुरते. दररोज नवी पाककृती लागत नाही. आणि लहान मुलांच्या बाबतीत तर ठरावीक गोष्टी परत परत समोर येणं उपयोगाचं ठरतं. अनोळखी चव मूल पहिल्या वेळी सहसा नाकारतं. ती आवडायला तोच पदार्थ आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा ताटात यावा लागतो. रोज नवं काही करणारं घर मुलाला सवय व्हायला वेळच देत नाही.

आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली जबाबदारीची विभागणी मला इथे फार दिलासा देणारी वाटते. काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती खायचं हे मुलाने. ताटात मुलाला ओळखीचं आणि आवडणारं निदान एक काहीतरी ठेवायचं, बाकी सगळ्यांसाठी जे आहे तेच. न खाणाऱ्यासाठी वेगळा दुसरा स्वयंपाक नाही, आणि आग्रह, धाक, आमिषही नाही. हे पाळलं की रात्रीचा अर्धा ताण तिथेच संपतो. मूल एका वेळी कमी जेवलं तरी निरोगी मुलं पुढच्या एक-दोन दिवसांत बहुधा भरून काढतात. वजन वाढत नसेल किंवा खाण्याचे प्रकार फारच मोजके उरले असतील तर मात्र डॉक्टरांशी बोलायला हवं.

आठवड्याचं जेवण सोपं करायची माझ्या मते सगळ्यात चांगली रीत म्हणजे पूर्ण पदार्थ करून ठेवण्याऐवजी पदार्थांचे आधार करून ठेवणं. कडधान्य एकदाच मोठ्या प्रमाणात, फक्त मीठ घालून शिजवायचं. एक दिवस त्याचं सार, एक दिवस भाज्यांबरोबर परतलेलं, एक दिवस कोशिंबिरीत. कांदा-टोमॅटोचा परतलेला मसाला दुप्पट करून अर्धा गोठवायचा. बटाटे उकडलेले, अंडी उकडलेली. चव शेवटच्या दहा मिनिटांत बदलते, आणि घरच्यांना तेच तेच खाल्ल्यासारखं वाटत नाही.

कुकर इथे मोठा मदतनीस. डेनिस पापिन यांनी १६७९ मध्ये बंद भांड्यातल्या वाफेने शिजवून दाखवलं त्यामागचं तत्त्व आजही तेच आहे: दाब वाढला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि तासाचं काम बरंच आधी उरकतं. मंद आचेवर दिवसभर शिजवणारी विजेची भांडीही सोयीची असतात, पण राजमा थेट त्यात टाकू नये. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. ते मंद उष्णतेत नष्ट होत नाही आणि त्याने जोरदार उलट्या होतात. राजमा भिजवावा, ते पाणी टाकून द्यावं, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळावा आणि मगच मंद आचेवर ठेवावा.

पूर्वीच्या बायका करत होत्या, मनात असेल तर वेळ मिळतो

आधी इतिहासाबद्दल. सगळं अन्न नेहमी ताजंच खाल्लं जात होतं असा काळ कुठेच नव्हता. वाळवणं, खारवणं, आंबवणं, धुरी देणं या रीती जगभर निर्माण झाल्या त्या आजचं श्रम उद्याच्या जेवणासाठी साठवता यावं म्हणूनच. निकोला अपेर यांनी १८१० मध्ये बंद बरण्यांत अन्न टिकवण्याची पद्धत प्रसिद्ध केली ती याच वाटेवरची. फ्रिज हे त्यातलं पुढचं साधन आहे. आणि ज्या घरांत खरोखर दोन्ही वेळा ताजं शिजत होतं, तिथे त्यासाठी कुणाचा तरी अख्खा दिवस खर्च होत होता. तो दिवस आता पगारी कामात जातो.

मनात असण्याबद्दल मी सांगण्यापेक्षा आकडेच सांगतील. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगभरातल्या बिनपगारी घरकाम-संगोपनाच्या तासांपैकी ७६.२ टक्के तास स्त्रिया देतात. दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटं, तर पुरुष १ तास २३ मिनिटं. वेळ कुणाचा आधीच संपलेला आहे आणि कुणाकडे शिल्लक आहे हे यातून दिसतं. तरीही हा मजकूर आयांनाच पाठवला जातो. एकटीने किंवा एकट्याने मुलं वाढवणाऱ्यांना तर तो अधिकच लागतो, कारण त्यांच्या घरात वाटून घ्यायला दुसरं कुणी नसतं. त्यांनी आठवड्यातून काही रात्री उकडलेली अंडी, फळं आणि कालचं कडधान्य वाढलं तर ते पुरेसं, पौष्टिक जेवण आहे.

जिथे दुसरं माणूस आहे तिथे काम वाटताना नुसतं चिरणं आणि भांडी वाटू नयेत. काय करायचं हे ठरवणं, घरात काय संपलं ते बघणं, आणणं, शिजवणं आणि उरलेलं दोन तासांच्या आत डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवणं, हे सगळं मिळून एक काम आहे. ठरलेल्या वारी ते पूर्ण एकाकडे असावं आणि त्या दिवशी दुसऱ्याला कुणी काही विचारू नये. दहा-बारा वर्षांची मुलंही मोठ्यांच्या देखरेखीखाली एक साधं जेवण पहिल्यापासून शेवटपर्यंत करायला शिकू शकतात, आणि थर्मामीटरवरचा आकडा वाचणं तर त्याच्या कितीतरी आधीच त्यांच्याकडे देता येतं.