काळ सोकावतो

बाबा नोव्हेंबरात साताऱ्याहून आमच्याकडे सिएटलजवळ बॉथेलला सहा महिन्यांच्या मुक्कामाला आले. पहिले पंधरा दिवस त्यांनी खिडकीतून पाऊस पाहिला. सिएटलच्या पावसाला ना गडगडाट, ना शेवट. शेवटी मीच मोठेपणानं त्यांना टीव्हीवर टीव्हीडब्ल्यू लावून दिलं. वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळाचं कामकाज दाखवणारं हे चॅनल. वर म्हणालो, "बघा बाबा, इथं कुणी राजदंड पळवत नाही."

त्या एका वाक्याची शिक्षा मी अजून भोगतोय.

बाबा जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले. माणसांचे ते दोनच प्रकार मानतात: ज्यांची व्हाउचरं जागेवर आहेत ते, आणि बाकीचे. मी बाकीच्यांत मोडतो. जानेवारी 2026मध्ये अधिवेशन सुरू झालं आणि गव्हर्नरांनी पाठिंबा दिलेल्या प्राप्तिकराच्या प्रस्तावावर चर्चा तापू लागली, तसे बाबा सोफ्यावर सरसावून बसले.

"गव्हर्नरचं नाव काय म्हणालास?"

"बॉब फर्ग्युसन."

"पुण्याच्या कॉलेजचे?"

"नाही हो. ते जेम्स फर्ग्युसन, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर. हे वेगळे."

"तेही गव्हर्नरच ना मग," बाबा म्हणाले, जणू एक आक्षेप निकाली निघाला.

वॉशिंग्टन राज्यात पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही. केंद्राचा आहे, तो काही चुकत नाही. राज्याची भिस्त मुख्यतः विक्रीकरावर. सिएटलमध्ये तो 10 टक्क्यांच्या वर जातो आणि गरिबाच्या खिशाला प्रमाणानं जास्त चावतो. म्हणून प्रस्ताव असा होता, की वर्षाला 10 लाख डॉलरपेक्षा जास्त कमावणाऱ्यानं वरच्या रकमेवर 9.9 टक्के द्यावेत.

"9.9! बाटाचा बूट आहे का?" बाबा म्हणाले. मग वहीत गुणाकार करून म्हणाले, "म्हणजे वर्षाला नऊ कोटींच्या आसपास. तुला लागू होतो?"

मी काही बोललो नाही. स्वयंपाकघरातून हिच्या हसण्याचा आवाज आला.

बाबा विरोधी पक्षाचे, म्हणजे इथल्या रिपब्लिकनांचे झाले, याचं मला नवल वाटलं नाही. लेखापाल जन्मतःच विरोधी पक्षात असतो. विरोधकांचा पहिला मुद्दा: राज्याचं दोन वर्षांचं अंदाजपत्रक साधारण 78 अब्ज डॉलरवर गेलंय, दहा वर्षांपूर्वीच्या जवळपास दुप्पट. अडचण पैशाची नाही, खर्चाची आहे. हे ऐकून बाबांनी टीव्हीकडे बघत मान डोलावली आणि लगेच माझ्याकडे वळून विचारलं, "आपल्याकडे त्या सिनेमांच्या महिन्याच्या वर्गण्या किती आहेत?" चार आहेत. मी दोन सांगितल्या.

दुसरा मुद्दा बाबांच्या काळजातला. आज कोट्यधीश, उद्या तुम्ही. विरोधक दाखला देतात भांडवली नफ्यावरच्या कराचा. 2021मध्ये कायदा झाला, मोठ्या नफ्यावर 7 टक्के. 2025मध्ये 10 लाखांवरच्या नफ्याला 9.9 टक्के. त्याच वर्षी जुलैत पेट्रोलवर गॅलनमागे 6 सेंट वाढले आणि ऑक्टोबरात विक्रीकर आयटी सेवांपर्यंत, म्हणजे आमच्या धंद्यापर्यंत, येऊन पोचला.

"म्हातारी मेल्याचं दुःख नाही," बाबा म्हणाले, "काळ सोकावतो."

यातली म्हातारी म्हणजे अॅमेझॉनचे जेफ बेझोस, हे पचायला मला जरा वेळ लागला. शिवाय ही म्हातारी मेली नाही, 2023मध्येच सिएटल सोडून मायामीला जायची घोषणा करून मोकळी झाली. आईवडिलांजवळ राहायचंय, असं त्यांनी सांगितलं. विरोधक मात्र ते उदाहरण प्रत्येक चर्चेत नैवेद्यासारखं दाखवतात.

रोज सकाळी चहाबरोबर हे सगळं माझ्या कानावर. ऑफिसच्या मीटिंगमध्ये एकदा मी "हा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली?" असं मराठीत विचारलं.

तरी मीही थोडा अभ्यास केला. 1932मध्ये इथल्या मतदारांनी प्राप्तिकर भरघोस मतांनी मंजूर केला होता. पुढच्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो मोडीत काढला: उत्पन्न ही मालमत्ता आहे, सबब तिच्यावर असा चढता कर बसत नाही. माझं उत्पन्न पाच तारखेपर्यंतही टिकत नाही, त्याला कुणी मालमत्ता म्हटल्यावर मला भरूनच आलं. 2010मध्ये पुन्हा प्रयत्न झाला. बिल गेट्स यांचे वडील जाहिरातीत चक्क पाण्याच्या टाकीत पडले, तरी 64 टक्के लोक नाही म्हणाले. आणि 2024मध्ये याच विधिमंडळानं, याच डेमोक्रॅट पक्षाच्या बहुमतात, प्राप्तिकर लावायचा नाही असा कायदा मंजूर केला होता! हा विरोधकांचा हुकमी एक्का. दोन वर्षांपूर्वीची सही अजून ओली आहे, म्हणतात.

मी शेवटचं अस्त्र काढलं. "आणि आपला व्यवसाय कर? तोही राज्याचाच. तुम्ही जन्मभर लोकांच्या पगारातून कापलात."

बाबा खुलले. "तो रोजगार हमीसाठी होता, 1975चा कायदा. महिन्याला 200, फेब्रुवारीत 300. का?"

"का?"

"वर्षाचे 2,500 व्हायला पाहिजेत. घटनेनंच कमाल मर्यादा घातलीय." मग जरा थांबून, "तुमच्या या 10 लाखांना अशी मर्यादा आहे का घटनेत? उद्या खाली आणली तर?" माझं अस्त्र माझ्याच अंगावर आलं.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी घरी हळदीकुंकू. बायका हॉलमध्ये, पुरुष गॅरेजमध्ये, हिटर लावून. तिथं तर अधिवेशनच भरलं. एक म्हणाला, शाळांना पैसे हवेत, पाळणाघरं परवडत नाहीत, देऊ देत की श्रीमंतांना. दुसरा म्हणाला, माझे शेअर ज्या वर्षी विकीन त्या वर्षी मी सापडलो तर? त्याचे शेअर गेली तीन वर्षं खालीच जाताहेत, पण आशेवर कर नाही. बाबा मधल्या घडीच्या खुर्चीवर, विरोधी पक्षनेत्यासारखे. तीळगुळाचं ताट फिरत होतं, गोड मात्र कुणीच बोलत नव्हतं.

विषय बदलावा म्हणून मी सांगितलं, "बाबा, या तीळगुळावरही इथं एकदा कर होता. 2010मध्ये गोळ्या-चॉकलेटांवर विक्रीकर लावला होता. लोकांनी सहा महिन्यांत मतदान करून तो उठवला. गंमत म्हणजे ज्यात पीठ असेल ते कायद्यानं गोळी धरायचं नाही. म्हणजे तीळगुळाला कर, गुळपोळीला माफी."

गॅरेजमध्ये शांतता पसरली. बाबांनी हातातला लाडू प्रकाशात धरून दोन्ही बाजूंनी तपासला, मग काही न बोलता उठले. मला वाटलं, दमले असतील. थोड्या वेळानं पाणी आणायला आत गेलो, तर ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून दबक्या आवाजात हिला सांगत होते, "सूनबाई, पुढच्या वर्षीपासून तीळगुळात चिमूटभर कणीक टाकत जा."