सॅडलच्या आधी मान : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. तुमचं म्हणणं असं: बेस गिटारची ॲक्शन (मानेपासून तारांची उंची) हाय असेल तर ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे तारा ज्यांवर टेकतात ते तुकडे, खाली घ्यायचे, इतकं सोपं काम असताना मी ॲक्शनवरच्या माझ्या लेखाची सुरुवात ट्रस रॉडपासून, म्हणजे मानेच्या आतल्या सळईपासून केली. ते वाचून एखाद्या नवशिक्याने रॉड तोडला तर जबाबदार कोण? तुम्ही स्वतः सॅडल दहा मिनिटांत खाली घेतलेत. आणि शेवटच्या ओळीत लिहिलंय की आता १२व्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या पट्टीच्या) पुढे तारा खरखरतात, दुकानात फ्रेट घासून घ्यायला सांगितलंय, आणि शनिवारी परळला शो आहे.

नवशिक्यांबद्दल तुम्ही बोललात ते खरं आहे आणि ती चूक माझी आहे. रॉड कसा फिरवायचा हे मी एका ओळीत उरकलं होतं. रॉडच्या टोकाच्या नटाला ॲलन की (षटकोनी चावी) नेमक्या मापाची हवी. इंची नटात मिलीमीटरची की घातली तर ती सैल बसते, नटाचे कोपरे झिजतात आणि मग तो नट कुठल्याच कीला दाद देत नाही. घट्ट करण्याआधी तारा थोड्या सैल करायच्या. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. नट अडला, कुरकुरला, तर तिथेच थांबायचं आणि बेस जाणकाराकडे न्यायचा. हे सगळं आज मूळ लेखात वरच घातलं आहे. तुम्ही टोकलं नसतं तर ते राहून गेलं असतं.

क्रमाबद्दल मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. आधी मान, मग सॅडल.

३४ इंची स्केलच्या (तारेच्या वाजत्या लांबीच्या) चार तारा सुरात लावल्या की मानेवर साधारण ७० ते ८० किलोंचा ताण येतो. त्या ओढीने मान धनुष्यासारखी पुढे वाकते आणि आतला रॉड तिला मागे धरून ठेवतो. थोडा बाक लागतोच, कारण छेडलेली तार मधल्या भागात सर्वांत जास्त झुलते, तिला तिथे जागा हवी. बाक गरजेपेक्षा वाढला की तारा मानेच्या मध्यावर उंच जातात, आणि आपण म्हणतो ॲक्शन हाय झाली. मुंबईत हे वारंवार होतं. जूनमध्ये लाकूड दमट हवेने फुगतं, डिसेंबरात थोडं आकसतं, आणि प्रत्येक मान आपल्या लाकडाप्रमाणे पुढे किंवा मागे सरकते. माझा बेस मी वर्षातून दोनदा तरी तपासतो, पाऊस स्थिरावल्यावर एकदा आणि थंडी लागल्यावर एकदा.

आता तुमची खरखर. बाक तसाच ठेवून तुम्ही ब्रिजकडचं टोक खाली आणलंत. मधली दरी राहिलीच, पण बॉडीकडच्या फ्रेटपाशी तार जवळजवळ टेकली. म्हणून पाचव्या-सातव्या फ्रेटवर बोटं अजूनही दुखत असतील आणि १२च्या पुढे बझ येत असेल. ही लक्षणं एकत्र दिसली तर माझा पहिला संशय बाकावर जातो. तानपुऱ्यात तार घोडीला हलकेच घासावी म्हणून मिरजेचे कारागीर जवारी किती निगुतीने काढतात! तिथे ते घासणं हवं असतं. बेसमध्ये तेच नकोशा जागी होतं, आणि तिथेही केसाएवढ्या अंतराने सगळा फरक पडतो.

संशय खरा की खोटा हे घरीच कळेल. बेस सुरात लावा आणि वाजवताना धरता तसाच धरा. जाड ई तार पहिल्या फ्रेटवर कॅपोने (मानेवर लावायच्या चिमट्याने) दाबा, आणि मान जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर बोटाने. तार आता सरळ पट्टीचं काम करते. ८व्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेपर्यंत अंतर बघा. ०.३ मिलीमीटरच्या आसपास असेल तर बाक ठीक. फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच, नागदेवी स्ट्रीटवर अवजारांच्या दुकानात मिळतो. तो नसेल तर व्हिजिटिंग कार्ड सरकवा. कार्ड आत जाऊन वर ढळढळीत जागा उरली, तर बाक जास्त आहे.

तसं निघालं तर नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा, पुन्हा सूर, पुन्हा माप. बाक जागेवर आला की मगच सॅडल. कॅपो काढून १७व्या फ्रेटवर जाड ई तारेखाली २.४ आणि बारीक जी तारेखाली २ मिलीमीटर, हे फेंडर कंपनी ९.५ ते १२ इंच रेडियसच्या (फिंगरबोर्डच्या गोलाईच्या) बेससाठी देते ते माप. सुरुवातीला तेच धरा. तुमचा हात जड असेल, ऑर्केस्ट्रात जोरात वाजवावं लागत असेल, तर थोडी उंच ठेवा, त्यात काही कमीपणा नाही. उंची बदलली की इंटोनेशन (फ्रेट दाबल्यावर सूर बरोबर येतो का ते) मात्र पुन्हा तपासायचं.

मापात बाक बरोबर निघाला आणि तरीही खरखर फक्त बॉडीजवळच्या फ्रेटवर राहिली, तर तिथे मान उचलली गेली असेल. मग दुकानदाराचं खरं आणि फ्रेट घासावेच लागतील. पण हे माप घेतल्याशिवाय बेस घासायला देऊ नका, ही मनापासून विनंती. रॉड उलटा फिरवता येतो, सॅडल वर घेता येतात. फ्रेटचा घासलेला धातू परत येत नाही, आणि एकदा असाच घाईने घासून घेतलेला माझा जुना बेस शेवटी नवीन फ्रेट बसवूनच वाजता झाला.

शो शनिवारी आहे, तेव्हा रॉड आजच फिरवा. मानेला पूर्ण बसायला कधी कधी एक रात्र लागते, त्यामुळे सॅडल उद्या सकाळी पुन्हा सूर लावून मगच हलवा. ८व्या फ्रेटवर किती अंतर निघालं आणि तारांचा गेज (जाडी) काय आहे, ते इथेच खाली लिहा. रात्री नऊनंतर मी बघतो.