निळा डाग

भिंतीतलं पाणी शोधायला काल थर्मल कॅमेरेवाला आला आणि जाताना मलाच आरोपी करून गेला.

ओल आहे हे कळायला खरं तर कॅमेरा कशाला हवा? पोपडे रोज उशीवर पडतात. पण वरच्या मजल्यावरच्या काकांना पुरावा हवा होता. त्यांच्या मते गळती त्यांच्या बाथरूममधून नाही, 'हवेतून' होते.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर भिंत पिवळीधम्मक आणि मधोमध निळाशार डाग. मी काकांकडे बघितलं. काकांनी चष्मा पुसला.

"हा निळा रंग कोणी दिला?"

"कॅमेऱ्याने. थंड भाग निळा."

"कायम निळाच?"

"नाही, रंग आपण निवडायचे."

"मग काळापांढरा करा."

त्या भल्या माणसाने केला.

"बघा! गेलं पाणी!"

चीड याची, की ते अर्धे बरोबर होते. त्या कॅमेऱ्याला पाणी दिसतच नाही. 8 ते 14 मायक्रोमीटरच्या अवरक्त किरणांवरून त्याला फक्त पृष्ठभागाचं तापमान कळतं. ओल सुकताना भिंतीतली उष्णता ओढून घेते, म्हणून ती जागा गार. विल्यम हर्शेलने 1800 साली हे किरण साध्या थर्मामीटरने शोधले. त्याच्या डोक्यावर कोणी काका राहत नसावेत.

मी मूर्खासारखं ज्ञान पाजळलं: उन्हात तापलेल्या गच्चीत मुरलेलं पाणी सावकाश निवतं, म्हणून सूर्यास्तानंतर ओली जागाच जास्त गरम दिसते.

"म्हणजे गार असलं तरी पाणी, गरम असलं तरी पाणी? उद्या तुम्हाला ताप आला तर तीही माझीच गळती!"

तेवढ्यात कॅमेरेवाला भिंतीजवळ वाकला. "साहेब, या डागाला फराटे कसे?"

सकाळी मी बुरशी ओल्या फडक्याने पुसली होती. परका माणूस घरात येणार, लाज वाटली. पडद्यावर माझ्या हाताचा एकेक फटकारा उमटला होता. ओल मोजायच्या मीटरच्या टाचण्या तो भिंतीत टोचणार होता, त्याही परत खिशात गेल्या. "आधी नीट सुकू द्या, मग बोलवा."

ओल आहे का ते बघायला भिंत सुकवायची! आणि येण्याचे पैसे मात्र आजच द्यायचे.

"पुसायला पाणी तुमचंच वापरलंत ना?" एवढं विचारून काका जिना चढले. पाच मिनिटांत वर धो धो नळ सुटला.