बुल बार पाहिजे का म्हणे! अन् शाफ्टचं काय बे?

माह्या जीपच्या प्रोपेलर शाफ्टले, म्हणजे इंजिनचा जोर चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या दांड्याले, खालून गोटा लागला; त्याले गार्ड पाहिजे तर दुकानवाला बुल बार (समोरच्या बंपरवरचा लोखंडी कठडा) दाखवून राहिला. डोकं भणभण करून राहिलं म्हणून लिहितो. लांब लिहीन, ज्याले वाचायचं नसेल त्यानं जाऊन तर्री पोहा खावा.

माह्याकडे जुनी जीप आहे, लीफ स्प्रिंगवाली, फोर बाय फोर. मागच्या महिन्यात आम्ही चौघं नागपूरजवळ हिंगण्याच्या पुढे झिल्पीच्या तलावापलीकडे एका कोरड्या नाल्यात गेल्तो. नाला म्हणजे नुसते गोटे, काळे कुळकुळीत, नागपूरच्या पश्चिमेकडे सगळा लाव्हाचा बेसॉल्टच आहे ना. समोर एक गोटा, साधारण टरबुजाएवढा, अर्धा मातीत. मी चाक त्याच्यावर चढवून राहिलो होतो तर मागून एक शहाणा ओरडला, "काऊन टायर फाडून राहिला बे, मधातून काढ, निघते आरामात!" आणि मी गाढव, ऐकलं. पुढची चाकं गोट्याच्या पलीकडे खाली उतरली तसं गाडीचं पोट बसलं आणि खालून आवाज आला, खर्रर्र... टंग! सहा-साडेसहा कोटी वर्षांपासून त्या लाव्हाचा दगड इथं पडून आहे, त्याले नेमका माह्याच प्रोपेलर शाफ्ट भेटला.

उताणा होऊन खाली पाहिलं. मागचा शाफ्ट, डिफरन्शियलपासून (मागच्या ॲक्सलमधला गिअरचा गोळा) वीतभर पुढे, बरोबर अंगठा बसेल एवढा खड्डा, रंग निघून आतलं लोखंड चमकून राहिलं. आमची गँग म्हणे "काही नाही होत भाऊ, चालते". हे "काही नाही होत"वाले लोक कुठून येतात मले समजत नाही! परत येताना पन्नासपर्यंत गाडी गुमान, साठ झाले की सीटखालून गुंगुंगुं, सत्तरले तर डॅशबोर्डवरचा गणपती नाचू लागला.

अबे ती भरीव सळाख नाही आहे, पोकळ नळी आहे, पत्रा असते दोन-तीन मिलिमीटरचा. गाडी ८० च्या स्पीडले गेली की ती नळी मिनिटाले दोन-अडीच हजार फेरे मारते. तिच्या एका अंगाले खड्डा पडला, नळी केसभर वाकली की बॅलन्स गेला, मग तो थरथराट दोन्हीकडचे क्रॉस (शाफ्टच्या टोकाचे वाकते जॉइंट) खाते, क्रॉसनंतर सील, आणि एक दिवस पार्किंगमध्ये ऑइलचं थारोळं. आणि जोर लावताना नळी पिळली जाते ती त्या खड्ड्यापासूनच. पण हे सांगावं कोणाले!

मग आला मेकॅनिक. नाव-गाव सोडा. त्यानं शाफ्ट उतरवला तेव्हा मी म्हटलं भाऊ, खडूनं फ्लँजवर (शाफ्ट बोल्टनं जोडायची चकती) आणि मधल्या सरकत्या जॉइंटवर खूण कर, जसा काढला तसाच बसला पाहिजे. तर हसला. "वीस वर्षं झाले काम करून राहिलो भाऊ." बरं, कर बाप्पा. शाफ्ट लेथवाल्याकडे गेला, नवीन नळी टाकली, साडेचार हजार घेतले, बॅलन्स करून दिला. तोपर्यंत तीन दिवस गाडीचं काय? तर मागचा शाफ्ट काढून फोर हाय (चारही चाकांले जोर देणारा गिअर) टाकलं की गाडी नुसती पुढच्या चाकांवर चालते (माह्या गाडीत ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांले जोर वाटणाऱ्या पेटीच्या, मागच्या तोंडाले फ्लँज आहे म्हणून, ज्यात शाफ्ट सरळ आतच घुसलेला असते त्यात काढला की ऑइल बाहेर येते). हा वीस वर्षंवाला माणूस टू हाय (नुसत्या मागच्या चाकांचा गिअर) टाकून रेस देऊन राहिला आणि गाडी हलेना तर म्हणे, "क्लच प्लेट गेली वाटते." क्लच प्लेट! शाफ्टच नाही तर चाक काय हवेनं फिरेल का!

तीन दिवसांनी शाफ्ट बसला. गुंगुंगुं तसंच, उलट जास्त. मी स्वतः खाली घुसलो तर दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत नाहीत, एक आडवा तर एक उभा. सरकता जॉइंट दात चुकवून घातलेला. हा क्रॉस मूळचाच दर फेऱ्यात जरा वेगात जरा हळू असा फिरते, दुसऱ्या टोकाचा क्रॉस ते उलटं करून मिटवते, पण दोन्ही योक एका लायनीत असले तरच. नाही तर मिटवायच्या ऐवजी वाढवते. दोन रुपयांच्या खडूचं काम होतं. साडेचार हजारचा बॅलन्स आणि खडूची रेघ नाही. दुसऱ्यांदा काढला, बसवला, त्याचे पैसे वेगळे, आणि वरून "भाऊ तुम्ही लई डोकं खाता."

आता खरा राग इथं आहे. मी ठरवलं गार्ड लावू. गेलो एका ॲक्सेसरीजच्या दुकानात, एसी, काचेचा दरवाजा. मी म्हटलं शाफ्टले खालून गार्ड पाहिजे. तो माह्या तोंडाकडे पाहून राहिला जसं मी त्याले शाफ्टची पत्रिका मागितली. मग म्हणे, "भाऊ, बुल बार लावून देतो ना, एक नंबर दिसन." अबे गोटा समोरून नाही आला, खालून आला! आणि बुल बार तर केंद्राच्या परिवहन खात्यानं डिसेंबर २०१७ मध्येच सगळ्या राज्यांना पत्र पाठवून बेकायदेशीर सांगितला आहे, खातं तरी कोणाकडे, आपल्याच नागपूरच्या खासदाराकडे, गडकरींकडे. जे लावायचं नाही ते तासाभरात लावून देतील, वर लाइटबार, लाल हुक, चारी दारांवर पंजाचं स्टिकर. खाली वाकून पाहणारा एक नाही. दुसऱ्यानं सांगितलं लिफ्ट किट टाका. लिफ्टनं पोट वर जाते हे खरं, पण आखूड गाडीत मागचा शाफ्ट आधीच छोटा, गाडी उचलली की त्याचा उतार आणखी तिरपा होते आणि क्रॉस अजून लवकर मरते. हे कोण सांगते? कोणीच नाही, किट विकायची असते.

शेवटी एका फॅब्रिकेशनवाल्याले पकडलं. त्याले एक तास समजावलं की शाफ्टचं पुढचं टोक जागेवर राहते पण मागचं टोक ॲक्सलसोबत वर-खाली होते, म्हणून एकच लांब पट्टी चालत नाही. पुढच्या अर्ध्यात चेसिसच्या आडव्या मेंबरवरून प्लेट, मागं डिफरन्शियलच्या तोंडाले वेगळा छोटा गार्ड जो ॲक्सललेच बांधलेला राहीन, आणि मधात जागा मोकळी. प्लेट ५ मिलिमीटरची, पुढचं तोंड वर वाकवलेलं म्हणजे गोट्यावरून घसरते, अडत नाही. भोकं पाड, नाही तर आपली काळी माती आत बसते आणि सिमेंटसारखी वाळते, वाळलं गवत अडकून सायलेन्सरजवळ गेलं तर पेटते. मान हलवून राहिला, हो भाऊ, हो भाऊ, समजलं भाऊ.

बनवलं काय? एकच लांब पट्टी. मीटरभर. ३ मिलिमीटरची. एक भोक नाही, तोंड सरळ फावड्यासारखं. पण रंग मात्र लाल, चमचम! मी म्हटलं हे काय? म्हणे "मजबूत आहे भाऊ, पाय ठेवून पाहा." अबे मी काय तिथं पाय ठेवायले जाऊन राहिलो! घरी येताना पहिल्याच स्पीड ब्रेकरवर मागचं ॲक्सल हललं आणि शाफ्ट त्या पट्टीवर घासला, काय तो आवाज, पानठेल्यावरचे सगळे वळून पाहून राहिले. म्हणजे गोट्यापासून वाचवायले जे लावलं तेच शाफ्टले घासून राहिलं. चौकातच जॅक लावून खाली झोपलो, नवतपा (उन्हाळ्याचे सगळ्यात तापते नऊ दिवस), दुपारचे दोन, डांबर पाठीले चिकटून राहिलं, आणि चार बोल्ट खोलले.

पैसे परत मागितले तर म्हणे माल बनवून झाला आता. फोन उचलत नाही. आज त्या "मधातून काढ"वाल्याचा मेसेज आला, रविवारी परत त्याच नाल्यात जाऊन राहिले, येतो का. वर हसण्याचे तीन इमोजी.

पट्टी गच्चीवर पडली आहे. आईनं तिच्यावर जुनं धोतर अंथरून मुंगवड्या घातल्या. मस्त तापते म्हणे, दोन दिवसांत कडक वाळतात, अशीच अजून एक आण.