सबकुछ तुम्हीच!

तुमचा गळा चांगला आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे हा विषय निघणार नाही. तुमच्या व्हिडिओतही तो निघत नाही.

दोन गाणी लोकांना आवडली की गायकानं पुढची पायरी चढायची असते. ही पायरी म्हणजे रियाज वाढवणं, असं तुमचे गुरुजी म्हणतील. ते जुन्या वळणाचे आहेत, त्यांना नमस्कार करा आणि बाहेर पडा. पुढची पायरी म्हणजे म्युझिक व्हिडिओ. त्यात नायक तुम्ही, दिग्दर्शक तुम्ही, कथा तुमची, संकल्पना तुमची, आणि श्रेयनामावलीत 'व्हिजन' म्हणून जे काही असतं तेही तुमचंच. मी असे व्हिडिओ एडिट करून पोट भरतो. खोलीत अंधार करून आठवडा-आठवडा तुमचा चेहरा पाहत बसतो. इतक्या बारकाईनं तो तुम्ही स्वतःही पाहिला नसेल, असं म्हणणार होतो, पण ते खरं ठरणार नाही. असो. तेवढ्या अधिकारात थोडा सल्ला देतो.

सगळं स्वतः करायचं ठरवलंत ना, मग त्यात कच्चे राहू नका. आपल्याकडे 1953 साली 'गुळाचा गणपती' आला तो 'सबकुछ पु. ल.' म्हणून. कथेपासून संगीतापर्यंत, दिग्दर्शनापासून मुख्य भूमिकेपर्यंत पु. ल. देशपांडे. पण नीट पाहाल तर माणूस ऐन वेळी डगमगला. 'इंद्रायणी काठी' लिहायला ग. दि. माडगूळकर, आणि गायची वेळ आली तेव्हा, स्वतः पेटी वाजवणारा, गाणारा माणूस असूनही, थेट भीमसेन जोशी! ज्याला जे आपल्यापेक्षा बरं येतं ते त्याला करू द्यायचं, ही खोड एकदा लागली की 'सबकुछ'मध्ये उरलं काय? गुरुदत्तही याच वाटेनं घसरला. 1957 च्या 'प्यासा'चा दिग्दर्शक तो स्वतः, तरी नायकाच्या भूमिकेसाठी आधी दिलीपकुमारला विचारून बसला. तुमच्या हातून असं होणार नाही. तुमच्या नायकासाठी तुम्ही पुष्कळ शोध घेतलात आणि नशिबानं तुम्हीच मिळालात.

आता अभिनय. तुमच्याकडे एक मुद्रा आहे. भुवया किंचित वर, ओठ अर्धवट उघडे, नजर कॅमेऱ्याला टाळून लांब कुठेतरी. ती जपा. पहिल्या भेटीत ती आहे, भांडणात आहे, अपघातानंतर हॉस्पिटलच्या खाटेवरही तीच आहे. एकदा माझ्या हातून एका गायकाचे मीलनाचे आणि विरहाचे शॉट अदलाबदल होऊन गेले. 'आता भावना जास्त पोचतेय,' असा निरोप आला. मी तसंच ठेवलं. आजतागायत कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

कोऱ्या चेहऱ्याला शास्त्राचा आधार आहे, हे तुम्हाला कुणी ना कुणी सांगितलं असेलच. शंभरेक वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव नावाच्या दिग्दर्शकानं इव्हान मोझुखिन या नटाचा एकच क्लोजअप वापरला. त्याला एकदा सूपची थाळी जोडली, एकदा शवपेटी, एकदा एक बाई. चेहरा तोच, पण बघणाऱ्यांना त्यात भूक दिसली, दुःख दिसलं, ओढ दिसली, आणि वर त्यांनी नटाची तारीफ केली, असं सांगतात. थोडक्यात, नटानं काही केलं नाही तरी शेजारचा शॉट काम करून जातो. तुमच्या बाबतीत अडचण एवढीच, की शेजारचा शॉटही तुमचाच असतो. तुम्ही बघताय, कट, तुम्ही दुसऱ्या जाकिटात बघताय. आता प्रेक्षकानं भूक कशाची समजायची?

मध्ये नायिका टाकता आली असती. ती आहेही. पाठमोरी. तिचे केस उडतात, ओढणी उडते, एकदा तिचा हात तुमच्या हातातून सुटतो. चार मिनिटांच्या गाण्यात तिचा चेहरा मी मोजून अकरा सेकंद वापरला होता, तर 'तिच्यामुळे फोकस जातोय' म्हणून सहा करायला सांगितलंत. ती सहा सेकंदांत रडली, हसली आणि निघून गेली. गाण्यातला सगळा अभिनय त्या सहा सेकंदांत उरकला हे बरंच झालं, उरलेला वेळ तुम्हाला मोकळा मिळाला.

आणि रडायचंच असेल तर ग्लिसरीन भरपूर घ्या. आयरिश गायिका शिनेड ओ'कॉनरच्या 1990 च्या 'नथिंग कंपेअर्स टू यू' या गाजलेल्या व्हिडिओच्या नादी लागू नका. जवळपास सगळं गाणं नुसता तिचा चेहरा. ना ड्रोन, ना पाऊस, डोक्यावर उडायला केससुद्धा नाहीत. एका जागी तिच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि ते आपल्या आईच्या आठवणीनं आलं होतं असं ती पुढे सांगायची. खरं पाणी वाहायला लागलं की मेकअपचं काय होतं, हे तिला कुणी सांगितलं नसावं.

ओठांचं मात्र थोडं तपशिलात बोलावं लागेल, कारण तिथे माझा जीव जातो. ज्यांना गाता येत नव्हतं अशा नटनट्यांनी दुसऱ्याच्या आवाजावर ओठ असे हलवले, की पिढ्यान्‌पिढ्या लोकांना वाटलं तेच गातायत. तुमच्या बाबतीत आवाज तुमचा, शब्द पाठ, चाल पाठ, आणि तरी ओठ दुसऱ्याच कुणाचे तरी वाटतात! हे साधायला खरंच कौशल्य लागतं. त्याची रीत अशी: सेटवर प्लेबॅक लागला की गाऊ नका. नुसते ओठ हलवा. मोठ्यानं गायलात तर छाती भरेल, मानेच्या शिरा दिसतील, तानेला जबडा हलेल, श्वास घ्यायच्या जागी श्वास दिसेल, आणि माणूस गातोय असा भास होईल. चेहऱ्याची ठेवण बिघडते त्यात. तार सप्तकातला तो लांब स्वर आठवतो? आवाज आभाळाला भिडलेला आणि तुम्ही जांभई दाबल्यासारखे. सेकंदाला 25 चौकटी, म्हणजे एक चौकट 40 मिलिसेकंदांची. अशा दोन-तीन चौकटी इकडेतिकडे सरकवून मी ओठ जुळवत बसतो. पण जिथे तोंड उघडलंच नाही तिथे काय सरकवू?

त्यात तुम्हाला हवा असतो स्लो मोशन. जुने लोक त्यासाठी एक खटाटोप करतात. सेकंदाला 50 चौकटींवर शूटिंग करायचं, सेटवर गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं, गायकानं त्याच वेगानं म्हणायचं. मग ते 25 वर चालवलं की ओठ गाण्याला बरोबर बसतात आणि केस, पाणी, धूळ सगळं तरंगत राहतं. पण दुप्पट वेगात गाणं म्हणताना माणूस सेटवर हास्यास्पद दिसतो, आणि बघायला पंधरा जण उभे असतात. म्हणून तुम्ही आपले नेहमीच्या लयीत म्हणालात, 'नंतर स्लो करून घे' म्हणालात, आणि मुखड्याची पहिली ओळ संपेपर्यंत तुमचे ओठ पहिल्याच शब्दात अडकलेले. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या ख्रिस मार्टिननं 2002 साली उलट्या चालणाऱ्या व्हिडिओसाठी अख्खं गाणं उलटं पाठ केलं होतं, ओठ जुळावेत म्हणून. असतो एकेकाला रिकामा वेळ.

दिग्दर्शनाचं फार सांगत नाही, तिथे तुम्ही स्वयंभू आहात. ड्रोन एकदा भाड्यानं आणला की तो वर गेलाच पाहिजे. अंतरा कितीही हळवा असो, 'तुझ्या कानात सांगतो' अशी ओळ असो, कॅमेरा तेव्हा दोनशे फुटांवर असावा आणि खाली कड्यावर तुम्ही ठिपक्याएवढे, हात पसरून. धूर सोडा. धूर का, असं कॅमेरामननं विचारलं तर 'मूड' म्हणा. या एका शब्दावर दिग्दर्शकाची अर्धी कारकीर्द निभावते, उरलेली अर्धी 'लेयर्स'वर. कथेत एक जळणारं पत्र, एक फुटणारा आरसा आणि शेवटी 'हे सगळं त्याच्या मनात होतं' एवढं आलं की झालं.

खरी गंमत आहे ती नटानंच 'कट' म्हणण्यात. मॉनिटरसमोर कुणी नाही, कारण ज्यानं तिथे बसायचं तोच कॅमेऱ्यापुढे व्याकूळ होऊन उभा. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक टेकचा शेवट सारखाच असतो. डोळे पाणावलेले, ओठ थरथरतायत, आणि त्याच ओठांतून: 'कट! कसा होता?' मागून तीन-चार आवाज एकदम, 'एक नंबर, भाऊ!' त्या आवाजांना सांभाळा. मित्र, मित्राचा भाऊ, गाडी चालवणारा, ज्याला पुढच्या व्हिडिओत रोल हवाय तो. 'परत एकदा घेऊ या' म्हणणारा माणूस त्यांच्यात शिरू देऊ नका. चॅप्लिनही स्वतःचा दिग्दर्शक स्वतःच होता, पण 1931 च्या 'सिटी लाइट्स'मध्ये फुलवालीच्या एका प्रसंगासाठी त्यानं शेकडो टेक घेतले. त्याच्या सेटवर 'एक नंबर' म्हणणारे पुरेसे नसावेत.

एक शेवटची सूचना, आणि ही मनावर घ्या. मागच्या व्हिडिओच्या वेळी जनरेटर बंद पडला होता. लाइट येईपर्यंत तुम्ही सामानाच्या एका पेटीवर बसलात, चपला काढून. कंटाळून अंतरा गुणगुणायला लागलात. मग डोळे मिटले, आवाज उघडला, एक हरकत चुकली तेव्हा स्वतःशीच हसलात, आणि ती पुन्हा घेऊन नीट समेवर आलात. कॅमेरामनच्या पोरानं फोकस तपासायला म्हणून कॅमेरा चालू ठेवला होता. बावन्न सेकंद. आसपास कुणी 'एक नंबर' म्हणालं नाही, सगळे गप्प होते. मी तो शॉट पहिल्या कटमध्ये टाकून पाठवला आणि तुम्ही तो वेळीच पकडलात. केस बसलेले नव्हते, शर्टाला घामाचा डाग होता, आणि भुवया भलत्याच ठिकाणी गेल्या होत्या. 'हा चुकून आलाय का?' असं विचारलंत. हो म्हणालो.

त्या जागी ड्रोनचा शॉट टाकलाय. पेटीवरचा शॉट डिलीट करायला सांगितला होतात, तो माझ्या हार्ड डिस्कवर अजून आहे. पण काळजी नसावी. फाइलचं नाव 'वापरायचा नाही' असंच ठेवलंय.